मुलांना स्टेज मिळतं, तालीम मिळते का?



पोस्ट मोठी झाली आहे. वीकेंडला चहा घेऊन वाचलीत तरी चालेल.

गणपती जवळ आले की आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "मुलांच्या कार्यक्रमासाठी नावं द्या. प्रत्येक आयटमला तीन मिनिटं. गाणं आधी पाठवून ठेवा." मग धावपळ सुरू. छोटी नऊवारी कुणाकडे आहे, फेटा कोण बांधणार, नथ दुखते म्हणून रडणाऱ्या बाईसाहेबांना कोण समजावणार. कार्यक्रमाच्या दिवशी आपलं पिल्लू स्टेजवर येतं, नाचतं, खाली उतरतं. आपण मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढतो आणि गावाकडे पाठवतो. तिकडून आजीचे हात जोडलेले इमोजी येतात.

यात वाईट काहीच नाही. मी चौदा वर्षं शारजात राहते आहे, आणि असे कितीतरी आयटम मीही हौसेने बसवलेत. पण हल्ली एक प्रश्न पडतो आणि तो तुमच्यापुढे ठेवायचाय. त्या तीन मिनिटांत आपलं मूल दिसतं, हे खरं. पण ते काही बोलतं का? स्वतःचं असं काही?

हा प्रश्न मला माझ्या लेकीमुळे पडला. ती नववीत आहे. गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या सात-आठ कुटुंबांनी मिळून मुलांची एकांकिका बसवायची ठरवली. आमच्यातल्याच एकाने लिहिली, पस्तीस मिनिटांची. गोष्ट आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. बाबांची नोकरी जाते, विसाची मुदत संपत येते, घरात कार्गोची खोकी येतात आणि पुण्याला परत जायचं ठरतं. हे सगळं मुलीला कळतं ते खोकी बघून. तेव्हा ती बाबांना म्हणते, "मला विचारलं का कुणी?" हे वाक्य माझ्या लेकीच्या वाट्याला आलं.

दिग्दर्शन करणारे काका पेशाने साइट इंजिनिअर. दिवसभर उन्हात काम करून शनिवारी चार वाजता तालमीला हजर. कॉलेजात असताना एकांकिका केलेला माणूस, त्यामुळे आवाज असा की शेजारच्या फ्लॅटमधून दोनदा दार वाजलं. मग आम्ही बिल्डिंगचा पार्टी हॉल मागून घेतला.

तिसऱ्या तालमीला लेकीने ते वाक्य म्हटलं. स्पष्ट, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. मेट्रोत पुढच्या स्टेशनची घोषणा होते ना, अगदी तसं.

काका म्हणाले, "छान. पाठ आहे. आता राग कुठाय?"

ती म्हणाली, "काका, मला मराठीत राग येत नाही."

सगळे हसले. काका हसले नाहीत. म्हणाले, "मग कुठल्या भाषेत येतो?"

"इंग्लिशमध्ये."

"आणि मराठीत काय येतं?"

तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "मराठीत मी ओरडा खाते."

मंडळी, हे वाक्य मी आजतागायत विसरलेले नाही. आपण सगळे अभिमानाने सांगतो की आम्ही घरी मराठीच बोलतो. बोलतो खरं, पण काय बोलतो? जेवायला ये. अभ्यास झाला का? मोबाइल ठेव. आजीशी बोल. आजी-आजोबा आले की वाकून नमस्कार कर. म्हणजे मुलाच्या वाट्याला येते ती आज्ञार्थी मराठी. ऐकायची आणि 'हो' म्हणायची. राग, हट्ट, लाज, मैत्रिणीबद्दलची असूया, रात्रीची भीती, हे सगळं ती शाळेत, मैत्रिणींमध्ये, इंग्रजीत जगते. त्यात तिची चूक नाही. ज्या भाषेत माणूस भांडलेलाच नाही, त्या भाषेत स्टेजवर एकदम भांडण कुठून आणणार?

काकांनी तिला आठवडाभराचा गृहपाठ दिला. राग आला की मराठीत रागवायचं. शब्द नाही सापडला तर थांबायचं, शोधायचं, पण इंग्रजीत पळायचं नाही.

पहिले दोन दिवस घरात नुसती करमणूक. "आई, मला खूप… म्हणजे… मला इरिटेट… नाही नाही थांब… मला वैताग आलाय!" शब्द सापडल्याचा आनंद इतका, की वैताग पळूनच जायचा.

बुधवारी मात्र खरं भांडण झालं. नवरा संध्याकाळी अल इत्तिहाद रोडच्या ट्रॅफिकमधून दीड तासाने घरी आला. जेवताना सहज म्हणाला, "हे एक नाटक झालं की बास हं. पुढच्या वर्षी दहावी आहे." लेकीने तोंड उघडलं. इंग्रजी अगदी ओठावर आलेली मला दिसली. ती थांबली आणि मग हळूहळू, शब्द वेचत म्हणाली, "बाबा, तू अजून माझं नाटक बघितलंही नाहीस. आणि बंद करतोस. तुला तबला सोड म्हणून कुणी सांगितलं होतं? तू स्वतःच सोडलास ना? मग मला तरी ठरवू दे."

घर एकदम शांत. माझा नवरा लग्नाआधी तबला शिकायचा, परीक्षाही दिल्या होत्या. इकडे येताना तीस किलोच्या बॅगेत तबला-डग्गा बसेना, म्हणून पुढच्या खेपेला आणू म्हणाला. चार वर्षांनी आणला. तेव्हापासून तो कपाटावर गवसणीत आहे.

तो म्हणाला, "जेव आधी. मग बोलू." सिनेमातल्यासारखं त्याचं मन त्या क्षणी बदललं नाही. पण शनिवारी तिला तालमीला सोडायला तो स्वतः गेला आणि परत न येता तिथेच बाहेर खुर्ची टाकून बसला. त्या दिवशी लेक ते वाक्य बोलली तेव्हा काकांनी काही सुचवलं नाही. नुसते म्हणाले, "पुढे चला."

आता मला जे म्हणायचंय ते असं. व्यक्त होणं म्हणजे काय, हे मला त्या बुधवारी कळलं. स्टेजवर जाणं हा त्याचा शेवटचा टप्पा. त्याआधी कितीतरी घडावं लागतं. जे वाटतं ते शोधायचं, त्याला शब्द किंवा सूर किंवा पाऊल शोधायचं, ते चुकायचं, लोकांदेखत चुकायचं, आणि पुढच्या शनिवारी पुन्हा यायचं. कलाकाराची सगळी मजा आणि सगळा त्रास याच जागेत असतो. तिला आपण तालीम म्हणतो. आपण मुलांना स्टेज भरभरून देतो. तालीम द्यायला मात्र आपल्याकडे वेळ नसतो.

मी मूळची सांगलीची. 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन साजरा करतो ना, तो आमच्या गावामुळे. 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, तिथून आपण मराठी नाटकाची सुरुवात मोजतो. तेव्हा नाटकाचं वेड मला नवीन नाही. पण इथे आल्यावर एक गोष्ट नव्याने लक्षात आली. आपल्या रंगभूमीवर नोकरी सांभाळून उभे राहिलेले लोक किती! अशोक सराफ कित्येक वर्षं स्टेट बँकेत होते. अमोल पालेकर बँक ऑफ इंडियात होते. निळू फुले पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. आणि डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन. ते तर आपल्यासारखेच परदेशी गेलेले. काही काळ त्यांनी टांझानियात डॉक्टरी केली. 1969 मध्ये वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ नट झाले, तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती. पुढच्याच वर्षी 'नटसम्राट'.

लागूंनी आत्मचरित्राला 'लमाण' असं नाव दिलं. लमाण म्हणजे इथला माल पाठीवरून तिथे नेऊन पोचवणारा. नटाचं काम त्यांना तसं वाटायचं, लेखकाचा माल प्रेक्षकांपर्यंत पोचवायचं. हे वाचलं तेव्हा मला आपण सगळेच आठवलो. आपणही लमाणच की! मराठी, गणपती, पुरणपोळी, अभंग, सगळं पाठीवर घालून समुद्रापार आणलं आणि आता ते मुलांच्या पाठीवर ठेवतोय. ठेवावंच. फक्त ओझं कसलं आहे ते वाहणाऱ्याला ठाऊक असावं. नाहीतर त्याला फक्त वजन कळतं.

आता थोडं या देशाबद्दल. आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असतो की इथे मॉल आहेत, नोकऱ्या आहेत, नाटकबिटक नाही. मी ज्या शारजात राहते तिथले शासक शेख डॉ. सुलतान बिन मुहम्मद अल कासिमी स्वतः नाटककार आहेत. दरवर्षी 27 मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो आणि त्यासाठी जगातल्या एखाद्या रंगकर्मीला संदेश लिहायला सांगतात. 2002 साली तो गिरीश कार्नाडांनी लिहिला होता. 2007 साली तो शेख सुलतान यांनी लिहिला. त्यात त्यांनी आपल्या शाळेच्या दिवसांबद्दल सांगितलंय. नाटक आधी त्यांना अभ्यासाबाहेरची एक गंमत वाटायची. मग एका राजकीय नाटकात ते लेखक, नट आणि दिग्दर्शक झाले. तेव्हाचे अधिकारी चिडले, सामान जप्त झालं आणि त्यांच्या डोळ्यांदेखत नाटक बंद पडलं. तरी नाटक त्यांच्या मनातून गेलं नाही. पुढे 1984 पासून शारजात 'शारजा थिएटर डेज' हा अरबी नाटकांचा महोत्सव भरू लागला. 2019 मध्ये इथे शारजा परफॉर्मिंग आर्ट्स अकॅडमी उघडली. तिथे अभिनयाची पदवी घेता येते. म्हणजे आपलं मूल ज्या मातीवर वाढतंय, तिथेही नाटकासाठी झगडलेली माणसं आहेत. मुलांना हे सांगा. त्यांना बरं वाटतं.

आणि आपल्या मल्याळी शेजाऱ्यांकडे बघा. अबू धाबीच्या केरळ सोशल सेंटरमध्ये मल्याळम नाटकांचा महोत्सव भरतो. त्यांचेही लोक दिवसा नोकऱ्याच करतात, आणि संध्याकाळी तालमीला जातात.

"पण पुढे काय? यावर पोट भरणार का?" हा प्रश्न मला माहीत आहे, कारण तो आमच्या घरातही रोज असतो. मी तो उडवून लावणार नाही. आपण इथे विसावर राहतो. नोकरी गेली की घर जातं, ही भीती आपल्या हाडात बसली आहे. तीच भीती आपण मुलांच्या करिअरला लावतो. म्हणून काही साध्या गोष्टी मी शोधून ठेवल्या, त्या इथे लिहिते.

2022 च्या नव्या नियमांपासून अविवाहित मुलाला आई-वडील 25 वर्षांपर्यंत स्पॉन्सर करू शकतात. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. म्हणजे अठरा पूर्ण झाले की लगेच दार बंद, असं आता नाही. कला-संस्कृतीत विशेष काम असलेल्यांना दहा वर्षांचा गोल्डन विसा मिळू शकतो. फ्रीलान्स परवानेही निघतात. ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांत ड्रामा हा परीक्षेचा विषय म्हणून घेता येतो. भारतात पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात प्रवेशासाठी आधी पदवी लागते. म्हणजे तिकडे जायचं तरी आधी कुठलीतरी पदवी घ्यायचीच आहे. 'आधी शिक्षण' म्हणणाऱ्या बाबांना हे वाक्य वाचून दाखवा.

हे सगळं खरं असलं तरी बहुतेक मुलं कलाकार म्हणून पोट भरणार नाहीत. माझी लेकही कदाचित नाही. पण तालीम त्यासाठी नसतेच. ज्या मुलीला पंधराव्या वर्षी बापाला शांतपणे, शब्द शोधून सांगता आलं की तू माझं ऐकून घे, तिला पंचविसाव्या वर्षी बॉसला सांगता येईल, तिशीत नवऱ्याला सांगता येईल. निदान मला तरी तेवढ्यासाठी हे सगळे शनिवार खर्च करायचेत.

ज्यांना यंदा मुलांसोबत काही बसवायचंय त्यांच्यासाठी, आमच्या अनुभवातून:

एक, स्क्रिप्ट देवनागरीतच द्या. रोमन लिपीत 'kal' लिहिलं तर मूल काल, काळ, कळ की कल, काय वाचणार? सुरुवातीला आमच्या मुलांना एका पानाला पाऊण तास लागायचा. महिन्याभरात वेग आला. मराठी वाचनाचा क्लास वेगळा लावावा लागला नाही.

दोन, तालमीत आई-वडिलांनी बाहेर बसायचं. आपण समोर असलो की मूल आपल्याकडे बघून अभिनय करतं. आणि तालमीचे व्हिडिओ ग्रुपवर टाकू नका. चुकायला एक जागा तरी अशी असू दे जिथे कॅमेरा नाही.

तीन, निदान आठ तालमी धरा. शारजाच्या शाळांना शुक्रवारी सुट्टी, दुबईच्या मुलांना अर्धा दिवस शाळा, त्यामुळे सगळ्यांना जमणारा वार शनिवार. रमजान आणि परीक्षा आधीच कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. जुलै-ऑगस्ट विसरा, निम्मा ग्रुप भारतात असतो.

चार, तयार बालनाट्य करायचं असेल तर आपल्याकडे खजिना आहे. सुधा करमरकर यांनी 1959 मध्ये बालरंगभूमी उभी केली, ती मोठ्यांच्या नाटकाइतक्याच गंभीरपणे. रत्नाकर मतकरींची 'अलबत्या गलबत्या', 'निम्मा शिम्मा राक्षस' आजही मुलांना आवडतात. फक्त प्रयोगाची रीतसर परवानगी घ्या आणि मानधन द्या. आपण कलाकाराची किंमत ठेवतो, हे मुलांना यातूनच दिसतं.

पाच, प्रयोग जाहीर करायचा असेल तर सरकारी परवानगी लागते, आणि इथे परवान्याशिवाय वर्गणी-देणगी गोळा करणं हा गुन्हा आहे. तेव्हा नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखालीच करा. पार्टी हॉलमध्ये घरच्यांपुरतं करायचं असेल तर बिल्डिंगच्या वॉचमनपासून मॅनेजमेंटपर्यंत सगळ्यांना आधी सांगा. आणि हो, वॉचमनला चहा.

सहा, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रिप्टमध्ये एक तरी वाक्य मुलाला स्वतःचं घालू द्या. वेडंवाकडं असलं तरी चालेल. आमच्या एकांकिकेत सहा वर्षांच्या चिमुरड्याने खोक्याकडे बघून विचारलं, "यात माझी बाल्कनी मावेल का?" हे कुठल्याच मोठ्याला सुचलं नसतं.

प्रयोगाबद्दल विचाराल तर, झाला. प्रेक्षक साठ-सत्तर. एका मुलाची एन्ट्री हुकली, एक खोकं चुकीच्या बाजूला गेलं. लेक "मला विचारलं का कुणी?" म्हणाली तेव्हा पहिल्या रांगेतले दोन-तीन बाबा खाली बघायला लागले, कारण त्यांच्या घरीही त्या वर्षी खोक्यांची बोलणी चालू होती. नंतर त्यातल्या एका कुटुंबातली आई मला म्हणाली, "आज घरी जाऊन आम्ही मुलांशी बोलणार आहोत." टाळ्या पडल्या, फोटो निघाले, बटाटेवडे संपले. पण मला विचाराल तर ते नाटक सार्थकी लागलं ते त्या बाईंच्या वाक्याने.

आमच्या घरी दहावीचा आणि नाटकाचा तह झाला आहे. डिसेंबरपर्यंत तालमी, मग बोर्ड. तह लेकीने मांडला, मराठीत, दोन मुद्दे तिने सोडले आणि एक बाबाने. तबला अजून कपाटावरच आहे. त्याबद्दल मी काही बोलत नाही. तो ज्याचा त्याने काढायचा असतो.

आता तुमची पाळी. तुमची मुलं कुठल्या भाषेत रागावतात? तुम्ही स्वतः इकडे येताना कुठली कला विमानतळावर ठेवून आलात? गाणं, पेटी, कथक, भजन, नकला, काहीही. खाली लिहा. आणि शारजा-अजमानच्या बाजूला कुणाला शनिवारी चार वाजता तालमीला यायचं असेल तर मला मेसेज करा. पहिल्या दिवशी काही येत नसलं तरी चालतं. आम्हालाही येत नव्हतं.